दुकानाची चिठ्ठी वाचायला शिका: कमी पैशांतला पहिला गेमिंग पीसी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एका चिठ्ठीचा फोटो पाठवला. गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानातून आणलेलं कोटेशन होतं. ‘आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, ५१२ एसएसडी, ५०० वॅट एसएमपीएस, आरजीबी गेमिंग कॅबिनेट. एकूण रु. ४०,०००.’ खाली त्याचा मेसेज: ‘मावशी, भारी आहे ना? उद्या पैसे देतोय.’

मी एवढंच विचारलं, आय७ कितव्या पिढीचा? त्याला माहीत नव्हतं आणि चिठ्ठीवरही नव्हतं. दुकानात फोन करायला लावला तेव्हा कळलं, तिसऱ्या. म्हणजे २०१२ सालचा प्रोसेसर. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पोरगं नवीन म्हणून जे घेणार होतं त्याला घरी आणण्याआधीच मुदत उलटून गेली होती.

तेव्हापासून कोणी विचारलं की मी हेच सांगते: चिठ्ठीत ज्या ओळीला कंपनी आणि मॉडेल नंबर नाही, त्या ओळीवर बोट ठेवा. पैसे तिथेच कापलेले असतात. आता ही चिठ्ठी आपली आपण कशी लिहायची ते क्रमाने बघू.

आधी गेम, मग स्क्रीन, मग पैसे

बहुतेक जण बजेटपासून सुरुवात करतात. मी म्हणते, आधी एका कागदावर पुढच्या दोन वर्षांत खेळायचे चार-पाच गेम लिहा. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ असे गेम ग्राफिक्स कार्डाला फार त्रास देत नाहीत, त्यांना चांगला प्रोसेसर लागतो. फक्त विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (मदरबोर्डाच्या सुरक्षेच्या सोयी) सुरू असावं लागतं, म्हणजे जुनाट मदरबोर्ड इथेही अडतो. जीटीए ५ पीसीवर २०१५ मध्ये आला, तो आता साध्या कार्डावरही छान पळतो. पण डिसेंबर २०२४ चा ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ किंवा मे २०२५ चा ‘डूम: द डार्क एजेस’ यादीत असेल, तर कार्डात रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्यांचा हिशेब करणारं) हार्डवेअर असणं सक्तीचं आहे. जीटीएक्स १६६० वर हे गेम हळू चालतात असं नाही, त्यांच्यासाठी ते कार्ड चालतच नाही. जुनं कार्ड घेणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं. आणि यादीत फक्त बीजीएमआय असेल तर पीसी घेऊच नका. तो मोबाइलचा गेम आहे, पीसीसाठी त्याची आवृत्ती नाही.

मग स्क्रीन. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, २५६० बाय १४४० वर ३६.९ लाख आणि ४के वर ८२.९ लाख. प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्रात, कार्डाला एवढे ठिपके रंगवायचे असतात. म्हणून कमी बजेटमध्ये २४ इंची, १०८० चा, आयपीएस पॅनेलचा (बाजूने बघितलं तरी रंग न बिघडणारा) आणि शक्यतो १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) किंवा जास्तचा मॉनिटर घ्यायचा आणि तिथेच थांबायचं. घरातल्या ४के टीव्हीला जोडून खेळू, हा बेत तूर्त बाजूला ठेवा.

पैशांची वाटणी मी अशी करते: मॉनिटर, कीबोर्ड, माउस वेगळे काढायचे. उरलेल्या रकमेतले ३५ ते ४५ टक्के ग्राफिक्स कार्डाला. बाकीच्यात सगळं बसवायचं. दुकानाची चिठ्ठी बरोबर उलटी असते. तिथे प्रोसेसरचं नाव मोठं आणि कार्ड नावापुरतं, कारण ‘आय७’ हा शब्द आईवडिलांना ओळखीचा असतो.

ग्राफिक्स कार्ड: ‘४ जीबी’ म्हणजे काहीच नाही

भाच्याच्या चिठ्ठीवरचं ‘४ जीबी ग्राफिक्स’ म्हणजे जीटी ७३० निघालं. २०१४ चं कार्ड. ते पडद्यावर चित्र दाखवण्यासाठी आहे, गेमसाठी नाही. मेमरी किती हे सगळे विचारतात, ती किती वेगाने वाचली जाते हे कोणी विचारत नाही. डीडीआर३ मेमरीच्या ६४ बिट जीटी ७३० मध्ये हा वेग सेकंदाला साधारण १४ जीबी असतो. आरएक्स ६६०० मध्ये तो २२४ जीबी आहे. टाकी कितीही मोठी असली तरी नळ करंगळीएवढाच असेल तर बादली भरायला वेळ लागणारच.

१०८० साठी माझी पसंती ८ जीबीच्या कार्डांना. आरएक्स ६६०० ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं, १३२ वॅट खातं, एक आठ पिनी वायर मागतं आणि बऱ्याच गेममध्ये मध्यम ते हाय सेटिंगवर अजूनही सेकंदाला ६० फ्रेम देतं. थोडे पैसे जास्त असतील तर आरटीएक्स ४०६०. ते फक्त ११५ वॅटमध्ये चालतं आणि एनव्हिडियाचं डीएलएसएस वापरता येतं. आधी लहान चित्र बनवून मग ते मोठं करायची ही युक्ती कमी ताकदीच्या कार्डाला खूप हात देते. इंटेलचं आर्क बी५८० हे १२ जीबीचं कार्ड दिसायला मोहक आहे, पण त्याला मदरबोर्डावर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) सुरू असावं लागतं. जुन्या बोर्डावर ते लावून मग ‘कार्ड खराब निघालं’ म्हणू नका.

एकाच नावाखाली वेगळा माल विकला जातो, हा दुसरा सापळा. आरटीएक्स ३०५० आठ जीबीचं आहे तसंच सहा जीबीचंही. फरक दोन जीबीचाच असेल असं वाटतं, पण सहा जीबीवाल्यात गणना करणारे कोअर कमी (२५६० ऐवजी २३०४) आणि मेमरीची वाट १२८ बिटऐवजी ९६ बिट. त्याचा खरा उपयोग एकच: ते ७० वॅटवर, वेगळी पॉवर केबल न जोडता चालतं. ऑफिसातून निघालेल्या जुन्या ब्रँडेड पीसीत बसवायला उत्तम, नव्या बांधणीत मी घेणार नाही. आरएक्स ६५०० एक्सटी तर नकोच. ४ जीबी मेमरी आणि मदरबोर्डाशी बोलायला पीसीआय या रस्त्याच्या चारच लेन. जुन्या पीसीआय ३.० बोर्डावर त्याचा दम लगेच उखडतो.

सेकंडहँड कार्ड घ्यावं का? घ्यावं, पण डोळे उघडे ठेवून. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग (गणितं सोडवून चलन कमावणं) बंद पडलं आणि वर्षानुवर्षं रात्रंदिवस घासलेली कार्डं बाजारात आली. त्यातली बरीचशी ठीक चालतात, त्रास पंख्यांचा असतो. कार्ड विकणाऱ्याच्या घरी, चालू पीसीत बघा. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर लावून नाव आणि कोअरची संख्या तपासा. आरएक्स ५८० म्हणून २३०४ ऐवजी २०४८ कोअरवाली आवृत्ती गळ्यात मारली जाते, ती इथे पकडली जाते. मग पंधरा-वीस मिनिटं एखादा जड गेम चालवा, पंख्यांचा आवाज ऐका, सगळे पोर्ट केबल लावून बघा. ‘पीसी आत्ता नाहीये, पण कार्ड एकदम ओके आहे’ असं म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत या.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड एकत्रच निवडा

प्रोसेसर म्हणजे सून आणि मदरबोर्ड म्हणजे सासर, दोघांचं जमलं पाहिजे. सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, जुळला नाही तर काहीच बसत नाही.

कमी पैशांत एएमडीचा एएम४ सॉकेट अजूनही शहाणपणाचा वाटतो. रायझन ५ ५६०० मध्ये सहा कोअर, बारा थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं), ३२ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी), आणि सोबत पंखा मिळतो. नावात जी असलेला ५६००जी हा सख्खा भाऊ वाटतो, पण त्याची कॅश निम्मी म्हणजे १६ एमबी, आणि तो पीसीआय ३.० वरच थांबतो. त्या बदल्यात त्याच्या पोटात ग्राफिक्स आहे. आज कार्डाला पैसे नाहीत, सहा महिन्यांनी घेऊ, असा बेत असेल तर ५६००जी. कार्ड आजच घेणार असाल तर ५६००. इंटेलकडे जायचं तर आय३-१२१००एफ चार कोअरचा, आय५-१२४००एफ सहा कोअरचा. मागे एफ असला की पोटात ग्राफिक्स नाही, हे पाठ करून ठेवा. शेवटी याचा संबंध येणार आहे.

एएम५ सॉकेट पुढच्या प्रोसेसरांसाठी खुला आहे, एएमडीने २०२७ आणि त्यापुढेही तो चालवायचं सांगितलंय. पण त्यात फक्त डीडीआर५ रॅम चालते आणि तिथेच सध्या खिसा फाटतो.

एएम४ चा बी४५० प्रकारचा बोर्ड घेत असाल तर दुकानदाराला विचारा, ‘५६०० साठी बायोस अपडेट आहे ना? बिलावर लिहून द्या.’ बायोस म्हणजे बोर्डातलं, पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर; ते जुनं असेल तर नवा प्रोसेसर ओळखतच नाही. बी५५० मध्ये पीसीआय ४.० मिळतं, ए५२० मध्ये नाही. इंटेलसाठी एच६१० पुरतो, फक्त डीडीआर४ चा बोर्ड आहे की डीडीआर५ चा ते खोक्यावर वाचा. एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही.

रॅम आणि एसएसडी

१६ जीबी हवी, आणि ती आठ-आठच्या दोन पट्ट्यांत. एकच १६ ची पट्टी लावली तर प्रोसेसरला मेमरीचा एकच रस्ता मिळतो. ५६००जी सारख्या, पोटातल्या ग्राफिक्सवर चालणाऱ्या प्रोसेसरला हे फार जाणवतं. डीडीआर४ असेल तर ३२०० वेगाची घ्या.

२०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांनी चिप उचलायला सुरुवात केली आणि आपल्यासारख्यांच्या वाट्याला उरलेलं आलं. दिवाळीत टिपून ठेवलेला भाव नाताळपर्यंत ओळखू येईना. त्यामुळे व्हिडिओत सांगितलेल्या सहा महिन्यांपूर्वीच्या किमतीवर विसंबू नका. आणि कुठली वस्तू सेकंडहँड घ्यायला सगळ्यात कमी धोक्याची, तर रॅम. त्यात फिरणारा, झिजणारा भाग नसतो. मेमटेस्ट हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर रात्रभर लावून ठेवा, सकाळी एकही चूक नसेल तर पट्टी ठणठणीत.

एसएसडी, म्हणजे विंडोज आणि गेम साठवायची जागा, एनव्हीएमई प्रकारची (मदरबोर्डावरच बसणारी, वेगवान), जमल्यास १ टीबी. एकट्या बाल्डर्स गेट ३ लाच १५० जीबी लागतात, ५१२ मध्ये विंडोज धरून तीनेक मोठे गेम बसले की हात आखडतो. कंपनीचं नाव नसलेली एसएसडी फुकट दिली तरी नको.

एसएमपीएस: ज्यावर कोणी बोलत नाही

एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज पीसीच्या सगळ्या भागांना पुरवणारा डबा. इथे थोडं थांबते, कारण इथे मी स्वतः हात पोळून घेतलेत. कॉलेजात असताना कॅबिनेटसोबत आलेला ‘४५० वॅट’ चा डबा वापरला. आठव्या महिन्यात एका रात्री फट् आवाज आला, जळका वास आला आणि मदरबोर्डही सोबत घेऊन गेला. वाचवलेले पैसे आणि गेलेले पैसे यांची तुलना मी आजही करत नाही.

डब्यावरचा मोठा आकडा वाचू नका, बाजूचं लेबल वाचा. त्यात १२ व्होल्टची ओळ शोधा आणि तिच्यापुढचे अँपिअर बघा. प्रोसेसर आणि कार्ड जवळपास सगळी वीज त्याच ओळीतून घेतात. १२ ला अँपिअरने गुणलं की खरे वॅट कळतात. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे साधारण ४५ अँपिअर असतात, म्हणजे ५४० वॅट. माझ्या त्या डब्यावर १८ होते. १२ गुणिले १८, २१६. उरलेले वॅट स्टिकरवरच होते.

आपल्या बांधणीचा हिशेब करू. ५६०० पूर्ण ताकदीवर ७६ वॅटच्या आसपास, आरएक्स ६६०० चे १३२, बोर्ड, रॅम, पंखे मिळून पन्नासेक. तीनशेच्या आत. तरी कार्ड क्षणभर उसळी मारतं आणि उद्या मोठं कार्डही येईल, म्हणून ५५० वॅट, ८० प्लस ब्रॉंझ (वीज कमी वाया घालवत असल्याचा शिक्का), नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षं वॉरंटीचा. ७५० ची गरज नाही.

विजेचं आणखी एक. कॅबिनेटला हात लावला की बोटांना मुंग्या येतात, ही तक्रार मी दर दोन-तीन महिन्यांनी ऐकते. पीसी खराब नसतो, भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नसतं. एसएमपीएसच्या आतला फिल्टर थोडी वीज अर्थच्या वायरकडे ढकलतो, ती वायर कुठेच जात नसेल तर ती वीज कॅबिनेटच्या पत्र्यावर येते. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या आणि दोन पिनी एक्स्टेंशन फेकून द्या. वीज वरचेवर जात असेल तर यूपीएस हवा. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, घरगुती यूपीएसमध्ये ते साधारण ३६० वॅट असतात. मॉनिटरसह गेम चालू असताना तेवढ्यावर दोन-चार मिनिटं मिळतात, सेव्ह करून बंद करायला पुरतात. लढाई पूर्ण करायला नाही.

कॅबिनेटबद्दल एकच: पुढून जाळी हवी. समोर काच लावलेलं कॅबिनेट शोकेसमध्ये शोभतं, पण हवा आत शिरत नाही. पुढे दोन पंखे, मागे एक. आपल्याकडची धूळ लक्षात घेता जाळीमागे निघणारा फिल्टर असेल तर उत्तम, महिन्यातून एकदा नळाखाली धुवा आणि पूर्ण वाळवून लावा.

खरेदीला निघताना

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनबाहेरचा लॅमिंग्टन रोड (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारलंत तर लोक तोंडाकडे बघतील), पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. आपली मॉडेल नंबरांसकट यादी घेऊन तीन दुकानांत जा आणि प्रत्येकाकडून लेखी भाव घ्या. एखाद्या वस्तूबद्दल ‘हे नाहीये, पण यापेक्षा भारी देतो’ म्हणाले तर नवं नाव लिहून घ्या, बाहेर येऊन चहा प्या, मोबाइलवर शोधा. लगेच हो म्हणू नका.

१८ टक्के जीएसटी वाचवतो, बिल नको ना, असं विचारलं जाईल. बिल हवंच. वॉरंटीसाठी कंपनी तेच मागते. बिलावर प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर असू द्या आणि वॉरंटी भारतातल्या वितरकाची आहे का ते विचारा. परदेशातून सूटकेसमधून आलेलं कार्ड स्वस्त असतं, पण बिघडलं तर ते परत सूटकेसमध्येच जातं. ऑनलाइन मागवलंत तर खोकं उघडण्याआधी मोबाइल सुरू करा आणि पत्त्याच्या लेबलापासून सीलपर्यंत एका दमात चित्रीकरण करा.

जोडणी आणि पहिली रात्र

जोडणी दुकानदार करून देतो, पण एकदा स्वतः करून बघाच. एक मध्यम आकाराचा, आपण ज्याला स्टार म्हणतो तो स्क्रूड्रायव्हर पुरतो. प्रोसेसर, पंखा, रॅम आणि एसएसडी बोर्डावर बाहेरच बसवून घ्या. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा, तो आपल्या वजनाने खाली बसला पाहिजे. दाबावा लागतोय म्हणजे चुकतंय. ५६०० च्या पंख्याला पेस्ट आधीच लावलेली असते, तिला बोट लावू नका, आणि चार स्क्रू कर्णरेषेत थोडेथोडे आवळा. चार खाचांच्या बोर्डात रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. प्रोसेसरची आठ पिनी वायर आणि कार्डाची आठ पिनी वायर सारखी दिसते, पण वेगळी असते, वायरवरचं नाव वाचा. जबरदस्ती केली तर मी वर सांगितलेला फट् आवाज ऐकू येऊ शकतो.

सुरू झाल्यावर आधी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वरच रांगत राहते.

भाच्याने शेवटी ५६०० आणि आरएक्स ६६०० घेतलं. रात्री साडेअकराला फोन: ‘मावशी, सगळं जोडलं, पंखे फिरतायत, दिवे लागलेत, पण स्क्रीन काळी. कार्ड गेलं वाटतं.’ आवाज रडवेला. मी म्हटलं, मागे जा, मॉनिटरची केबल कुठे लावलीस बघ. वर, मदरबोर्डात. ५६०० ला पोटात ग्राफिक्स नाही, तिथून चित्र येणार कुठून? ‘खाली कार्ड आहे ना आडवं, त्याच्यात लाव.’ अर्धा मिनिट शांतता, मग जोरात ओरडला, मागून ताईचं ‘झोपा आता’ ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन काही फरकच कळत नाही म्हणे. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये अजून ६० च होतं.